पाठ न दाखवणारे सर

सरांनी पहिल्या दिवशी आम्हाला काय सांगितलं ते मला जसंच्या तसं आठवतं. "मला तुमची भीती वाटते," ते म्हणाले. "आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शोधून काढायचे कष्ट नकोत. आता वह्या उघडा."

हे मुलांच्या निरीक्षणगृहातलं आहे. लोक त्याला रिमांड होम म्हणतात. ते जळगाव आणि धुळ्याच्या मधे कुठेतरी होतं, याहून जास्त पत्ता मी देणार नाही. आमच्या नोंदी कायद्यानं पुसल्या जातात, त्यामुळे मी तिथे होतो याला आता कागदाचा पुरावा नाही. तरी आजसुद्धा खाकी कपड्यातला माणूस माझ्या वर्कशॉपमध्ये शिरला की हातातलं काम थांबतं. तो गेटचा भाव विचारायला आलाय हे कळायला वेळ लागतो.

मी असोद्याचा. सोळा वर्षांचा असताना गावातल्या दोन मोठ्या पोरांच्या नादी लागलो. केळीच्या मळ्यांतल्या विहिरींवरून मोटारीची केबल कापायची आणि आतलं तांबं भंगारात विकायचं, असा त्यांचा उद्योग. माझ्याकडे फक्त बॅटरी धरायचं काम होतं. एकदा राखणदार नाना मधे आले, दोघांपैकी एकानं त्यांच्या डोक्यात पहार घातली, आणि मी बॅटरी तशीच धरून उभा राहिलो. नाना वाचले, पण त्यांचा उजवा कान कायमचा गेला. ते आमच्याच गल्लीत राहायचे. माझे वडील मला सोडवायला आले नाहीत. भेटीला आलेल्या आईबरोबर त्यांनी निरोप धाडला की आधी दहावी होऊन दाखव, मग घरात घ्यायचं बघू. वडील एकदा बोलले की बदलत नाहीत. त्यामुळे दहावीशिवाय मला परत जायला जागाच नव्हती.

सर रिटायर झालेले गणिताचे मास्तर. जामनेरहून दोन एस्ट्या बदलून आठवड्यातून चार दिवस यायचे. अंगानं काटकुळे, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, बाह्या मनगटापर्यंत. मे महिन्यात आमच्याकडे कावळासुद्धा सावली सोडत नाही, तेव्हाही तोच शर्ट. एवढ्या लांबून कशाला येता, असं कुणी विचारलं की म्हणायचे, "रिटायर झाल्यावर लोक केळी लावतात. मला शेत नाही, म्हणून इथे येतो."

त्यांनी आम्हाला कधी पाठ दाखवली नाही. फळ्यावर लिहिताना ते फळ्याला खांदा लावून आडवे उभे राहायचे. तोंड आमच्याकडे आणि हात मागे फळ्यावर, असं न बघता लिहायचे. ओळ डावीकडे नीट सुरू व्हायची आणि उतरत उतरत फळ्याच्या चौकटीला जाऊन लागायची. त्यांची वर्तुळं वांग्यासारखी यायची. पोरांनी त्यांचं नाव 'आडवे सर' ठेवलं. त्यांना ते कळलं होतं, कारण एकदा हजेरीच्या वहीवर त्यांनीच लिहून ठेवलं होतं, 'विषय गणित, शिक्षक आडवे'. दुपारी ते अंगणात भिंतीला पाठ टेकून कळण्याची भाकरी खायचे. एस्टीतही म्हणे कायम शेवटच्या सीटवर बसायचे. पोरांनी यावर पाच-सहा कहाण्या रचल्या होत्या. कुणी म्हणे त्यांच्या पाठीत सुरीचा घाव आहे, कुणी म्हणे त्यांनी स्वतःच कुणाला तरी मागून मारलंय.

दुसरी खोड दाराची. आमच्या प्रत्येक दाराची किल्ली दुसऱ्या कुणाकडे असायची. माणसं कुलूप काढायची आणि सरळ आत यायची. सर मात्र उघड्या दारावर टकटक करून विचारायचे, "आत येऊ का?" आम्ही 'या सर' म्हटल्यावरच पाऊल आत टाकायचे. एकदा आम्ही ठरवून गप्प बसलो. सर बाहेरच थांबले. दारावरचे शिपाई, ज्यांना आम्ही भाऊ म्हणायचो, ते वैतागले. "सर, जा ना मझार. पोरे मस्ती करी राह्यनात."

"त्यांनी बोलावलं नाही," सर म्हणाले.

अख्खा तास ते पिशवी छातीशी धरून उन्हात उभे राहिले. बेल झाली तसे गेले. पुढच्या तासाला पुन्हा टकटक झाली, आणि आम्ही अकराच्या अकरा जण एका सुरात 'या सर' म्हणालो. मला लाज वाटली. त्या दिवसापासून ते मला आवडायलाही लागले.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "घाबरलात तरी पायरी लिहा. उत्तर चुकलं तरी पायरीला गुण असतात." हे गणितापुरतं होतं असं नाही. बाल न्याय मंडळासमोर तारखेला जाणाऱ्या पोराच्या तोंडचं पाणी पळालेलं असायचं, तर त्यालाही ते हेच सांगायचे. त्या पोराला त्याचा काही उपयोग होत असेल असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

आम्हा अकरा जणांतले पाच दहावीला बसणार होते. सरांनी स्वतः हिंडून आमचे सतरा नंबरचे फॉर्म भरले, बाहेरून परीक्षा देणाऱ्यांचे असतात ते. सगळं सुरळीत चाललं होतं, पण भूमिती आली आणि पंचाईत झाली. वर्तुळ काढायच्या कंपासला लोखंडी टोक असतं, आणि आमच्याकडे नेलकटरसुद्धा मोजून मिळायचं. सुरुवातीला सरांनी दोरी आणि खडूवर भागवलं. फरशीवर वर्तुळं काढून आमचे गुडघे पांढरे झाले, पण पेपर काही फरशीवर लिहायचा नसतो. शेवटी सर अधीक्षक मॅडमकडे तीनदा गेले. तिसऱ्यांदा मॅडमनी परवानगी दिली, ती एका अटीवर. आम्हा सगळ्यांना उभं करून त्यांनी ती सांगितली.

"एक कंपास कमी भरला, की त्या दिवशी भूमिती बंद आणि परीक्षाही बंद. पोरं पोलिसांबरोबर बाहेर न्यायची आणि त्यांच्यातल्या कुणाजवळ टोकदार वस्तू असायची, असला धोका मी घेणार नाही."

मॅडम वाईट नव्हत्या. त्यांच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हणालो असतो.

मग सरांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला. त्यात सहा कंपास होते, पाच आमचे आणि एक त्यांचा. प्रत्येकावर बायकोच्या लाल नेलपॉलिशनं नंबर घातलेला. तास सुरू होताना सर मोजायचे, भाऊ वहीत लिहायचे, सर सही करायचे. संपताना पुन्हा तेच. पहिला महिना भाऊ स्वतः डब्यात डोकावायचे. नंतर त्यांनी ते सोडलं. सरांसारखा घाबरट माणूस मोजण्यात चुकणार नाही, असा सगळ्यांना भरवसा होता.

परीक्षा पंधरवड्यावर आली आणि माझ्या शेजारच्या गादीवर नवा पोरगा आला. सोनगीरकडचा होता, उंचच्या उंच, म्हणून लगेच लंबू झाला. हायवेवरच्या मारामारीत त्यानं एकाला दवाखान्यात पोचवलं अशी बातमी त्याच्या आधी आली होती. तोही दहावीच्या बाकावर येऊन बसला. त्याचा फॉर्म आधीच भरलेला होता आणि आमच्यातला एक नुकताच सुटून गेला होता, त्यामुळे कंपास पुरले. लंबू बोलायचा नाही, नुसता माझ्याकडे बघायचा. जेवताना बघायचा, दात घासताना बघायचा. मी गादीवर पडलो की तो उठून बसायचा. मला झोप लागेना. तो माझं काहीतरी करणार याबद्दल माझ्या मनात शंका उरली नव्हती, फक्त कधी तेवढंच कळत नव्हतं. कुणाला सांगावं तर तिथे सांगणाऱ्याचं काय होतं ते मी पाहिलं होतं.

सोमवारी मी चार नंबरचा कंपास बाहीत सरकवला. हातून घडून गेलं असं मी म्हणणार नाही. दोन दिवस तेच ठरवत होतो.

तास संपला. सर मोजायला लागले. त्यांचं बोट एकेका कंपासवरून गेलं आणि पाचव्यावर थांबलं. पुन्हा पहिल्यापासून गेलं आणि पुन्हा पाचव्यावर थांबलं. त्यांनी मान वर करून आमच्याकडे बघितलं नाही. डब्याकडेच बघत राहिले.

"सर, कितला शेत?" भाऊंनी दारातून विचारलं.

सरांनी ओठ ओले केले. "सहा."

"बठ्ठा?"

"हो, सगळे."

"लिखू का?"

"लिहा."

सरांनी सही केली. वहीकडे बघून केली, तरी ती सही उतरत गेली. माझ्या मनात आलं, हा माणूस एस्टीत कुणाला मागे बसू देत नाही, आणि त्यानं आत्ता आपली सही खोट्याखाली घातली. खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण भीती दुप्पट झाली. आता सापडलो असतो तर सरही गेले असते आणि पाच जणांची परीक्षाही गेली असती. कंपास जवळ असला की झोप लागेल असं वाटलं होतं. ती आणखीच उडाली.

मंगळवारी डब्यात पुन्हा सहा कंपास होते. एकावरचं नेलपॉलिश ताजं चकचकत होतं. सरांनी बाजारातून नवा आणला होता. मी मान खाली घालून दुभाजक काढत बसलो. तास संपला, सरांचं बोट फिरलं, आणि पुन्हा पाचव्यावर थांबलं.

त्या दिवशी मी काही घेतलं नव्हतं.

याचा अर्थ आता आणखी कुणाच्या तरी बाहीत टोक होतं. मी लंबूकडे बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता. दारातून भाऊंनी विचारलं आणि सर म्हणाले, "सहा."

बुधवारी मला तारीख होती. दिवसभर मी बाहेर होतो. मंडळासमोर काय विचारलं ते मला आता आठवत नाही, कारण डोक्यात एकच होतं, की आज तिकडे झडती झाली असेल. कंपास मी गादीच्या शिवणीत सोडून आलो होतो. परत आलो तेव्हा गादी जशीच्या तशी होती. तेव्हापासून मी तो अंगावरच बाळगायला लागलो.

गुरुवारी टकटक झाली. "आत येऊ का?"

"या सर."

सर आत आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. डबा उघडून नेहमी टेबलावर ठेवायचे. त्या दिवशी तो वर्गाच्या पार मागे नेला आणि शेवटच्या रिकाम्या बाकावर उघडा ठेवला. मग दारात जाऊन भाऊंना म्हणाले, "ऑफिसातून रंगीत खडू आणता का?" भाऊ गेले. त्यांच्या पावलांचा आवाज जाईपर्यंत सर थांबले.

"आज त्रिकोणाचं परिवर्तुळ काढू," ते म्हणाले. "मोठी आकृती आहे, फळ्याकडे बघून काढावी लागेल. पूर्ण होईपर्यंत मी मागे वळणार नाही."

आणि त्यांनी आमच्याकडे पाठ केली.

तोवर आम्ही कुणीच सरांची पाठ पाहिली नव्हती. शर्टावर मधोमध इस्त्रीची घडी होती. कॉलरच्या वर, केस संपतात तिथे, एक जुना पांढरट आडवा व्रण होता. वर्गात आम्ही अकरा जण, दारात कुणी नाही, आणि निदान दोघांजवळ लोखंडी टोकं. सरांनी दोरीला खडू बांधला. गाठ तीनदा सुटली. घडीच्या दोन्ही बाजूंनी शर्ट ओला होत खाली उतरला. मला वाटलं आता कुणीतरी उठणार, आणि तेवढ्यात लंबू आपल्या जागेवर सरकला. त्या माणसाला काही झालं तर ते माझ्यामुळे होईल, एवढं मला स्पष्ट दिसत होतं.

पहिल्या बाकावरच्या कुणीतरी मान खाली घातली. मग एकेक करून सगळ्यांनी घातली. कुणी सांगितलं नव्हतं.

मी उठलो. मागच्या बाकापर्यंत सात-आठ पावलं असतील. कंपास डब्यात ठेवताना पत्र्याचा आवाज झाला आणि फळ्यावरचा खडू क्षणभर थांबला, पण सर वळले नाहीत. मी जागेवर येऊन मान खाली घातली. थोड्या वेळानं दुसरी पावलं मागे गेली. पुन्हा पत्रा वाजला. मी वर पाहिलं नाही.

त्या दिवशी फळ्यावर सरांचं वर्तुळ पहिल्यांदा गोल आलं, तिन्ही शिरोबिंदूंतून बरोबर जाणारं. ते वळले, घाम पुसला आणि मागे जाऊन डबा मोजला. डब्यात आठ होते. भाऊ खडू घेऊन आले आणि विचारते झाले, तोवर दोन सरांच्या पिशवीत गेले होते.

"सहा," सर म्हणाले. या वेळी ते खरं होतं. पण त्यांचा चेहरा काही सुटला नाही. ते डब्याकडे बघतच राहिले, आणि मला त्याचं नवल वाटलं.

परीक्षेला आम्हाला पोलिसांच्या गाडीतून नेलं. लंबू माझ्या शेजारी बसला. अर्ध्या वाटेत तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला.

"माले वाटनं, तू माले मारशी," तो म्हणाला. "त्या राखणदारनं डोकं तूच फोडं ना? बठ्ठा पोरे म्हनतस."

"मी नाही," मी म्हणालो. "मी फक्त बॅटरी धरली होती."

तो बाहेर बघत म्हणाला, "तू झोपस नही, म्हनीसन मी बी झोपू नही."

म्हणजे मी जागा म्हणून तो जागा होता, आणि तो जागा म्हणून मी. दुसरी पावलं त्याची होती. आम्ही दोघंही पास झालो. भूमितीत मी काठावर होतो, ते गुण बहुतेक पायऱ्यांचेच. निकाल लागल्यावर वडील आले, फाटकापाशी उभे राहिले आणि "चल" म्हणाले. गावात गेल्यावर मी नानांच्या डाव्या बाजूला उभं राहून माफी मागितली, कारण उजवीकडून त्यांना ऐकू येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं.

आता माझं स्वतःचं फॅब्रिकेशनचं काम आहे. मागच्या वर्षी जामनेरला एका खिडकीच्या ग्रिलचं माप घ्यायला गेलो होतो. सरांचं घर विचारत विचारत काढलं. दार उघडं होतं. आत कपाटावर बुद्धाची लहानशी मूर्ती, आणि सर भिंतीला पाठ लावून दाराकडे तोंड करून बसलेले, पुढ्यात पेपर. मी टकटक केली. "आत येऊ का, सर?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "या. कुठले?"

"आडवे सरांच्या वर्गातला."

ते हसले. मग माझ्याकडे नीट बघितलं, चेहऱ्याकडे, हातांकडे, शर्टाच्या खिशाकडे. मी समोर बसलो. इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हणालो, "सर, तुम्ही आमच्यासाठी खोटी सही केलीत. ते आठ कंपास मी विसरलो नाही."

"आठ," सर म्हणाले. "नऊ भरायला हवे होते."

मला कळेना. त्यांनी बोटावर मोजून दाखवलं. सोमवारी एक गेला, मंगळवारी एक गेला, आणि बुधवारी, मी तारखेला गेलो होतो त्या दिवशी, आणखी एक गेला. त्यांनी तिन्ही वेळा नवा आणून सहा भरले होते. "मी तुमच्याकडे पाठ केली," ते म्हणाले, "आणि दोनच परत आले."

"मग तिसरा?"

"ठाऊक नाही. कुणाच्या तरी जवळ राहिला. मी सांगितलं असतं तर तुमची परीक्षा गेली असती. नाही सांगितलं." त्यांनी पेपरावर हात ठेवला. "आता रोज सकाळी आधी मारामारीच्या बातम्या वाचतो. चाकू लिहिलं असेल, कोयता लिहिलं असेल, तर वाईट वाटतं पण जेवण जातं. टोकदार वस्तूनं भोसकलं असं लिहिलं असेल, की त्या दिवशी घास उतरत नाही."

माझी दहावी आणि त्यांचा न उतरणारा घास एकाच सहीतून आले होते.

मानेवरच्या व्रणाबद्दल मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं. शाळेत शिकवत असताना ते एका पोराला भर वर्गात त्याच्या बापावरून बोलले होते. त्यानं मागून दगड घातला. पोलीस त्याला घेऊन गेले. "तो कुठे आहे, शिकतो की नाही, हे बघायला मी गेलो नाही," सर म्हणाले. "घाबरलो होतो. रिटायर होईपर्यंत घाबरलेलोच होतो." मग त्यांनी विचारलं, "तो तिसरा तू तर नाहीस ना?"

"नाही सर. मी चार नंबरचा."

"चार," ते म्हणाले आणि मान हलवली.

माझ्या शर्टाच्या खिशात लोखंडावर खुणा करायची सळई होती, वीतभर लांब, टोकाला धार काढलेली. कामावरून तसाच आलो होतो. आल्याबरोबर सरांनी ती पाहिली होती, हे आत्ता माझ्या लक्षात आलं. मी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि हललो नाही.

"चहा टाकतो," सर म्हणाले. भिंतीचा आधार घेत उठले, माझ्याकडे पाठ केली आणि घाई न करता आत गेले. दारातून त्यांची मान आणि तो पांढरा व्रण मला दिसत होता. गॅस पेटल्याचा आवाज आला.

"साखर किती?" त्यांनी न वळता विचारलं.